लोन झालं म्हणे!

आमच्या इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीत पूर्वी कुणाच्या दारात बँकेचा माणूस उभा दिसला की शेजारी हळहळायचे आणि घरचे लोक दार लोटून घ्यायचे. आता तोच माणूस आला की त्याला खुर्ची, चहा, पोहे आणि निघताना घरच्या मळ्यातल्या पानाचा विडा. शेजारी हळहळत नाहीत, जळतात. कारण आलेला साहेब वसुलीचा नसतो, होम लोनच्या व्हेरिफिकेशनचा असतो. आणि लोन होणं ही सध्या आमच्याकडे पोरगं फौजदार होण्याच्या खालोखाल मानाची गोष्ट झालीय.

शिव शिव! कर्ज, आणि त्याचा मान?

अहो, सँक्शन लेटर आलं की लोक त्याचा फोटो स्टेटसला ठेवतात. रकमेवर लाल गोल काढलेला, खाली जोडलेले हात आणि ‘आईवडिलांच्या आशीर्वादाने’. आशीर्वाद खराच म्हणायचा, कारण कर्जाच्या अर्जावर सहकर्जदार म्हणून वडिलांची सही असते. ज्या आजोबांनी सोसायटीचं पीककर्ज भावकीला कळू नये म्हणून इंदापूरला उन्हातान्हाच्या खेपा घातल्या, त्यांचा नातू बत्तीस लाखांचं देणं साडेचारशे लोकांना एका वेळी दाखवतो आणि ‘अभिनंदन’ मोजत बसतो.

फ्लॅट घ्यायचा कुठं, याचेही संकेत ठरलेत. इंदापुरात घेतला तर लोक तोंडावर विचारतात, “एवढ्या जवळ घ्यायचा होता तर रानातच दोन खोल्या का नाही वाढवल्या?” बारामती चालते. तिथं एमआयडीसी आहे, विद्या प्रतिष्ठान आहे, 2019 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, रस्त्याला झाडं आहेत, आणि पाहुण्यांना सांगताना आवाज आपोआप खाली येतो, जो श्रीमंतीचा आवाज समजला जातो. पुणे असेल तर मग बोलायलाच नको. मांजरी असो, फुरसुंगी असो, वाघोली असो. पत्त्याच्या शेवटी पुणे आलं की भागलं. मुलीकडचे लोक तेवढंच वाचतात.

हां, तर मूळ तिथंय. हा सगळा उद्योग राहण्यासाठी चाललाय असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा आमच्याकडच्या स्थळांचे बायोडाटा बघावेत. पूर्वी उंची, रास, नाडी आणि बागायत किती एकर एवढं लिहून काम व्हायचं. आता ‘पुणे येथे स्वतःचा टू बीएचके’ ही ओळ नसेल तर पोरीचा बाप कागद उलटासुद्धा करत नाही. दहा एकर बागायत, विहीर, दोन बोअर, दारात ट्रॅक्टर, आणि स्थळ नाकारलं. का? तर फ्लॅट नाही. आणि फ्लॅट असलेल्याच्या घरी पोरगी दिली, तर ती राहते कुठं? निमगावात, सासूच्या हाताखाली! फ्लॅटला कुलूप. वर्षातून दोनदा जाऊन जाळ्या काढून यायचं आणि मेंटेनन्स मात्र महिन्याच्या महिन्याला. या बाबतीत मुलीकडच्यांची आणि मुलाकडच्यांची एवढी मूक एकवाक्यता आहे की हुंड्याच्या बैठकीतसुद्धा कधी नव्हती.

पैसा येतो कुठून, ही चर्चा त्याहून चविष्ट. काहींची जमीन पालखी महामार्गात गेली. पाटसहून बारामती, इंदापूर, अकलूजमार्गे जाणारा तो 965 जी. ज्याचे पैसे खात्यात आले, त्याच्या दारात आधी गाडी आली, मग एजंट आला. पण मोबदलेवाले मोजके. बाकीच्यांचा फ्लॅट उभा आहे तो पानाच्या वेलावर, उसाच्या बिलावर आणि सराफाकडे ठेवलेल्या सुनेच्या दागिन्यांवर. आणि इथंच तर गंमत सुरू होते.

बँकेला तुमची दहा एकर दिसतच नाहीत. साहेब 7/12 हातात घेतो, चाळतो आणि बाजूला ठेवतो. त्याचंही कारण आहे. 2002 च्या सरफेसी कायद्यानं बँकेला कोर्टाची पायरी न चढता तारण ताब्यात घेता येतं, पण शेतजमिनीला तो कायदा लागू नाही. फ्लॅटला मात्र लागू. म्हणून ज्या जमिनीवर चार पिढ्या जगल्या तिच्यापेक्षा अजून न बांधलेल्या सातव्या मजल्यावर साहेबाचा जीव जास्त. त्याला हवी असते तीन वर्षांची आयटीआर. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळे ज्यांनी जन्मात ते विवरणपत्र पाहिलं नव्हतं ते आता बारामतीत सीएच्या जिन्यावर रांगेत. कर चुकवायला धावणारी माणसं जगभर सापडतील. लागत नसलेल्या कराचा कागद मिळवायला धावणारी आमच्याकडे बघायला या.

आणि सिबिल! हा शब्द आता इथं सातवीतल्या पोरालाही येतो. “त्याचा सिबिल खराब आहे” हे वाक्य परवा एका लग्नात ऐकलं, ज्या आवाजात पूर्वी “त्याचं बाहेर काहीतरी आहे” असं बोलायचे अगदी त्या आवाजात. कारण काय, तर तीन वर्षांपूर्वी हप्त्यानं घेतलेल्या मोबाइलचे दोन हप्ते चुकलेले.

आमचे पानमळेवाले तात्या या सगळ्याचे कट्टर विरोधक. पानबाजारात उभं राहून ते रोज एक प्रवचन देतात. म्हणतात, “पानांच्या डप्प्यामागं दहा रुपये कमी आले तर आपण व्यापाऱ्याची गचांडी धरतो. कळी कुठली अन् फापडा कुठला, हे अंधारात हात फिरवून सांगतो. आणि हीच माणसं साठ पानांच्या इंग्रजी करारावर पान न उलटता सह्या ठोकतात!” तात्यांचं खरं आहे. करार इंग्रजीत, बँकेतला साहेब हिंदीत, एजंट तिन्ही भाषांत गोड, आणि सही तेवढी मराठीत. रिझर्व्ह बँकेनं बँकांना छापील कागद इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत ठेवायला सांगितलेलं आहे, पण मागतो कोण? मराठी फॉर्म मागितला तर साहेबाला आपण अडाणी वाटू, ही भीती कर्जाच्या भीतीपेक्षा मोठी.

आता जरा आकडे काढू, कारण खरा गौप्यस्फोट तिथं आहे. चारचौघांत सगळे एकच आकडा सांगतात: “चाळीसला बसला.” चाळीसला काय बसला, कपाळ!

पुण्याच्या हद्दीतला 40 लाखांचा, बांधकाम चालू असलेला फ्लॅट धरा. 30 ते 75 लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांच्या वर देऊ शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. म्हणजे कर्ज 32 लाख, घरचे 8. मग मुद्रांक शुल्क: मूळ 5 टक्के, त्यावर स्थानिक संस्थेचा 1 आणि मेट्रोचा 1. झाले 7 टक्के, म्हणजे 2 लाख 80 हजार. मेट्रोत आमच्या गावचं कोण कधी बसलंय ते विचारू नका. नोंदणी फी 30 हजार. जीएसटी, फ्लॅट परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसला तर 1 टक्का, म्हणजे 40 हजार; नाही बसला तर 5 टक्के, म्हणजे सरळ 2 लाख. आणि ही मुद्रांकाची आणि नोंदणीची रक्कम बँक किमतीत धरत नाही, ती खिशातूनच. सगळ्यात स्वस्तात धरलं तरी किल्ली दिसण्याआधी साडेअकरा लाख गेले. यात प्रोसेसिंग फी नाही, गहाणाच्या नोंदीचा खर्च नाही, वकिलाच्या शोध-अहवालाची फी नाही, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाबाहेर झेरॉक्सवाल्याला, चहावाल्याला आणि ओळख पटवायला आणलेल्या दोन साक्षीदारांच्या मिसळीला जे गेले तेही नाहीत.

पुढे हप्ता. साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी, 32 लाखांचा हप्ता येतो साधारण 27 हजार 770. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले 22 हजार 667 व्याजात जातात आणि मुद्दल फिटतं 5 हजार 103. वीस वर्षांत बँकेला गेले साडेसहासष्ट लाखांवर. घरचे साडेअकरा मिळवा. अठ्ठ्याहत्तर लाख! आणि हा गृहस्थ पारावर बसून सांगतो, चाळीसला बसला. बायकोला तरी खरं सांगितलंय का, कोण जाणे. आमच्या माहितीप्रमाणे नाही.

बायकोवरून आठवलं. एप्रिल 2021 पासून आपल्या राज्यात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सूट आहे. सुरुवातीला अट होती की पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही. 2023 मध्ये तीही काढली. पण सूट मिळते ती खरेदीदार फक्त बायका असतील तरच. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. आमच्या चाळीस लाखांच्या उदाहरणात ती होते 40 हजार. आणि काय सांगू, ज्या घरांत 7/12 वर वारस म्हणून बहिणीचं नाव लागलं तरी तीन वर्षं अबोला होतो, तिथं 40 हजारांसाठी पुरुष टपाटप दस्तातून बाहेर पडले! मग नवाच पेच: नाव सासूचं की सुनेचं? सासूचं लावलं तर पोरीचं माहेर रुसतं, सुनेचं लावलं तर नणंदा. एका घरात म्हणे दोघींची नावं लावली, आणि आता दस्त नेमका कुणाच्या कपाटात ठेवायचा यावरून दोघी बोलत नाहीत. स्त्री-सक्षमीकरणावर व्याख्यानं देणाऱ्यांना जे जमलं नाही ते मुद्रांक विभागानं एका टक्क्यात करून दाखवलं, एवढं मात्र कबूल करावं लागेल.

कर्जाची अशी चर्चा या मुलखाला नवी आहे म्हणता? छे. बारामतीकर नाईक-जोशी म्हणजे पेशवाईतले बडे सावकार. पहिल्या बाजीराव पेशव्यांची बहीण भिऊबाई त्यांच्या घरात दिलेली. आबाजी नाईक तिचे यजमान, बाबूजी नाईक दीर. बाजीरावांनी या सोयऱ्यांकडूनच कर्ज काढलेलं. 1740 मध्ये बाजीराव गेले, तर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी चक्क बाबूजी नाईकांचं नाव पुढं केलं! पद नानासाहेबांना मिळालं, आणि नाईकांनी थकलेल्या पैशांचा तगादा लावला. सोयऱ्याकडून उसने घेतले की काय होतं, याचं यापेक्षा खानदानी उदाहरण सापडणार नाही. तरी आमच्याकडे डाऊन पेमेंटचे आठ लाख उभे राहतात ते मेव्हण्याकडूनच. याच बाबूजी नाईकांच्या आश्रयानं कवी मोरोपंत बारामतीत आले, तिथंच राहिले, तिथंच आयुष्यभर लिहीत बसले. त्यांना कुणी सिबिल विचारला नाही, हे त्यांचं आणि मराठी काव्याचं नशीब.

आणि त्याहून मोठी गोष्ट बारामती तालुक्यातल्याच सुप्याची. 12 मे 1875. बाजाराचा दिवस. कर्जानं गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं गाठली आणि त्यांच्या पेट्यांमधून खतं, रोखे, दस्त बाहेर काढून त्यांची होळी केली. माणसं मारायला ते आले नव्हते, कागद जाळायला आले होते. हा वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, इंग्रजांनी चौकशी आयोग नेमला आणि 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदाच करावा लागला. आता त्याच शेतकऱ्यांचे पणतू-खापरपणतू कोऱ्या चेकांचं पुस्तक, पॅनकार्ड आणि पासपोर्ट आकाराचे फोटो घेऊन दस्त करायला जातात, आणि येताना पेढे आणतात. सुप्याच्या त्या मंडळींनी हे पाहिलं असतं तर त्यांनी आधी पेढे जाळले असते.

बरं, निदान उत्पन्नाचं आणि हप्त्याचं पंचांग तरी जुळतं का? ऊस वर्षाचा, आडसाली असेल तर दीड वर्षाचा. कायद्यात लिहिलंय ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे. कारखान्यांच्या कॅलेंडरात कोणता महिना किती दिवसांचा असतो, याबद्दल आम्ही काही बोलत नाही. हप्ता मात्र पाच तारखेला, अधिक महिना असो की दुष्काळ. म्हणून सगळा भार पानमळ्यावर. खुडा झाला की हातात रोकड येते, आणि लगीनसराई असली की बरी येते. थंडी वाढली, पान पिवळं पडलं, भाव उतरला, तरी हप्ता उतरत नाही. सलग तीन हप्ते राहिले, नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए. मग साठ दिवसांची नोटीस. तो फोटो मात्र कुणी स्टेटसला ठेवत नाही.

परवा पानबाजारात लिलाव थांबवून दोघं भांडत होते. विषय? रेपो रेट! एक म्हणे पाव टक्का उतरला, दुसरा म्हणे अर्धा. ऑक्टोबर 2019 पासून बँकांची बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराला बांधली गेली, बहुतेक ठिकाणी रेपोला, त्यामुळे मुंबईत रिझर्व्ह बँकेत कुणी शिंकलं की इथं नाकाला रुमाल लागतो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 टक्क्यांवरून साडेसहावर गेला. हप्ता तेवढाच राहिला म्हणून आमची मंडळी निर्धास्त. “आपल्याला काही फरक नाही!” बँकेनं हप्ता न वाढवता मुदत ताणली होती, हे बऱ्याच जणांना पुढं स्टेटमेंट काढल्यावर कळलं. वीस वर्षांचं कर्ज सव्वीस-सत्तावीसवर गेलेलं. एक गृहस्थ तर आता हिशेबानं बहात्तराव्या वर्षी कर्जमुक्त होणार आहेत. 2025 मध्ये दर उतरले तेव्हा त्यांनी ग्रामदैवताला नारळ फोडला. बदलत्या व्याजाच्या गृहकर्जात मुदतीआधी पैसे भरले तर बँक दंड लावू शकत नाही, हे 2012 पासून ठरलेलं आहे. उसाचं बिल आल्यावर लाखभर मुद्दलात टाकले असते तर काही वर्षं वाचली असती. पण त्या लाखाचं काय झालं? फ्लॅटला पीओपी केलं. कुलूपबंद फ्लॅटला!

बिल्डरांच्या गमती सांगायला गेलो तर रात्र होईल. एवढंच सांगतो की रेरा कायदा 2016 चा, महारेरा मे 2017 पासून चालू आहे, भाव कार्पेट एरियावर सांगायचा असतो आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या 10 टक्क्यांच्या वर घेता येत नाही. उघडं पार्किंग वेगळं विकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच सांगितलंय. तरी आमचे लोक त्या पार्किंगचे दोन लाख वेगळे देऊन येतात, वर रोखीत देतात, आणि “आपल्यासाठी म्हणून कमी केले” असं सांगतात. जमीन-घराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं 2015 पासून बेकायदा आहे. पण हे सांगणाऱ्याकडे लोक, मंगळसूत्र खरं आहे का असं विचारल्यासारखं बघतात.

वर्षातल्या एका रात्री मात्र सगळ्या फ्लॅटवाल्यांची पंचाईत होते. तुकोबांची पालखी मुक्कामाला आमच्या गावात येते. त्या रात्री प्रत्येक अंगणात, ओसरीवर, पत्र्याखाली वारकरी असतात. कुणाकडे अख्खी दिंडी जेवायला. गावातलं जुनं घर पाडून पैसे फ्लॅटमध्ये घातलेल्या एका कुटुंबाला यंदा भावकीच्या अंगणात पिठलं-भाकरी वाढावी लागली. बारामतीतल्या आपल्या सोसायटीत त्यांनी विचारून पाहिलं होतं म्हणे, चार माळकऱ्यांची झोपायची सोय होईल का. सेक्रेटरी म्हणाले, व्हिजिटर रजिस्टरमध्ये नावं लिहा आणि रात्री दहाच्या आत बाहेर काढा.

असो. तर ताजी खबर अशी की येत्या रविवारी वाघोलीकडच्या एका स्कीमचा सॅम्पल फ्लॅट बघायला चौकातून गाडी जाणार आहे. नाश्ता, जेवण बिल्डरकडून. सतरा सीटची गाडी, पंधरा सीटा भरल्या. घेणारे दोघं, बाकीचे जेवायला. आम्हीही नाव दिलंय. चर्चा करायची तर डोळ्यांनी पाहिलेलं बरं. खिडकीची जागा मात्र गेली. ती पानमळेवाल्या तात्यांनी धरलीय. नुसतं सोबत यायचं असेल म्हणून, असं आम्ही आधी समजलो. पण त्यांची सून काल दळण घेऊन आली होती, ती सांगत होती की मामांनी आधारची, पॅनची आणि तीन वर्षांच्या आयटीआरची झेरॉक्स काढून ठेवलीय, आणि धाकट्याचा बायोडाटा नव्यानं छापायला दिलाय. कुणाला सांगू नका म्हणाली. आम्ही कशाला सांगतोय?